हॅवलॉकच्या पाण्यात उतरावं का?

काठावरचा : तुम्ही सगळे जानेवारीअखेर अंदमानला चाललात, हॅवलॉकला आठवडाभर राहून स्कूबा करणार, हे कळल्यापासून एक प्रश्न मनात आहे. तो विचारूनच टाकतो. खर्चाबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्याची कमाई त्याचा खर्च. जिवाच्या धोक्याबद्दलही आत्ता बोलत नाही. मला त्या जागेबद्दल विचारायचंय. जगातल्या समुद्रतळाचा एक टक्काही प्रवाळांनी व्यापलेला नाही, आणि तरी समुद्रातल्या जीवजातींपैकी सुमारे पाव हिस्सा आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आश्रयाला असतो. त्यातले दगडासारखे भरीव वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. पायात चढवलेल्या फिनचा एक फटका बसून जे फुटेल ते आपल्या आजोबांच्या लहानपणापासून तिथे वाढत आलेलं असू शकतं. कायद्यानेही ही गोष्ट मानली आहे. २००१ पासून रीफ, म्हणजे प्रवाळभिंती, बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. अशा जागी मित्रमैत्रिणींचा घोळका घेऊन, त्यातल्या काहींना पोहताही येत नाही, सुट्टी साजरी करायला का जावं? गप्पा मारायला, एकत्र जेवायला, पत्ते कुटायला दुसरी जागा नाही का?

पाण्यातली : पोहता न येणाऱ्यांचं नंतर बोलू, तो मुद्दा मला तुझ्याइतकाच खुपतो. आधी खाली काय होतं ते सांगू दे. कारण तू जी सुट्टी डोळ्यांपुढे आणतोयस, ती बोटीवरच संपते.

स्कूबाचा पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो, तीस मीटरवर चौपट. तिथे छाती भरून घेतलेला श्वास रोखून कुणी झपकन वर आलं, तर तीच हवा फुप्फुसात फुगत जाते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून सतत, सावकाश श्वास. खाली जाताना दर थोड्या अंतरावर कानातला दाब मोकळा करायचा. नाही झाला तर हट्ट करायचा नाही, थोडं वर यायचं. परतताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघून जातो. सलग डाइव्ह केल्यावर पुढचे अठरा तास विमानात पाऊल ठेवायचं नाही. ऑफिसात डोळ्यांपुढे तीन-तीन पडदे ठेवून काम करणाऱ्या माणसांना एकाच गोष्टीकडे, स्वतःच्या श्वासाकडे, पाऊण तास लक्ष द्यायला लावणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

आता मित्रांचं. पाण्यात एकट्याने उतरायचं नसतं, बडी, म्हणजे जोडीदार, लागतो. उतरण्याआधी तू त्याचं जॅकेट, वजनाचा पट्टा, बकलं, हवा तपासतोस, तो तुझं सगळं तपासतो. खाली तुझी हवा संपली, तर त्याच्या सिलिंडरला जोडलेल्या जास्तीच्या रेग्युलेटरमधून तू श्वास घेतोस. कॉलेजपासून आम्ही एकमेकांना ओळखतो, पण दर भेटीत तेच ते बोलतो: कुणाची बदली, कुणाचा फ्लॅट, कुणाच्या मुलाचे मार्क. पाण्याखाली यातलं काहीच बोलता येत नाही. दर मिनिटाला मान वळवून बडी कुठे आहे हे बघावं लागतं, एवढंच. मैत्रीत इतकी साधी काळजी आम्ही फार वर्षांत घेतली नव्हती. वर आल्यावर जी शांतता असते, तिच्यात बसून राहायला मला आवडतं.

काठावरचा : तू सांगतेयस ते मला पटतं, आणि म्हणूनच माझी शंका वाढते. तू जे जे मोजलंस ते सगळं तुमच्या वाट्याचं आहे. श्वास तुमचा, मैत्री तुमची, शांतता तुमची. प्रवाळ त्यात कुठे आहे? ती शिस्त दहा मीटर खोल हौदातही येईल. असे हौद परदेशात बांधलेलेच आहेत. मग जिवंत रीफ कशाला हवी? आणि उत्तर जर ‘तिथे रंग आहेत, मासे आहेत’ असं असेल, तर ती रीफ तुमच्या अनुभवाची मागची भिंत झाली.

शिवाय तू सांगतेस ती शिस्त किती जणांची? मालवणला मी स्वतः पाहिलंय. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात एकामागून एक माणसं उतरवली जातात. पाच-दहा मिनिटांची सूचना, पाठीवर टाकी, प्रशिक्षकाने मानेपाशी धरून खाली नेणं, माशांना पाव टाकून गोळा करणं, समोरून व्हिडिओ. उतरणाऱ्याला आपले पाय कुठे आपटतात याचं भानही नसतं, कारण तो घाबरलेला असतो. त्याला मी दोष देत नाही. पण पाव हे माशांचं अन्न नव्हे, आणि त्याला चटावलेला मासा रीफवरचं शेवाळ खाण्याचं आपलं काम सोडतो. धोक्याचं बोलणार नव्हतो, पण २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट बुडून दोन पर्यटक गेले, हेही आठव. गर्दी जिथे आधी येते आणि नियम मागून येतात, तिथे माणूस आणि प्रवाळ दोघंही भरडले जातात.

पाण्यातली : मालवणबद्दलचा तुझा संताप माझाही आहे. आता पोहता न येणाऱ्यांचं. एका दिवसाच्या ‘ट्राय डाइव्ह’मध्ये माणूस खाली नेला जातो, तो स्वतः जात नाही. आमच्यातल्या ज्या दोघांना पोहता येत नाही, त्यांना मी सांगितलंय की या खेपेला तुम्ही बोटीवर थांबा, नाहीतर लाइफ जॅकेट घालून वरूनच पाहा. त्यांना वाईट वाटलं. वाटू दे. गाडी शिकायची ती मोकळ्या मैदानात. भर शाळेच्या आवारात शिकू नये.

पण शिकलेल्या माणसाचं काय? ओपन वॉटर हा पहिला कोर्स तीन-चार दिवसांचा असतो: आधी हौदात किंवा संथ उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह, आणि अठरा मीटरपर्यंत जायची परवानगी. त्यात सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बॉयन्सी. ना बुडायचं, ना तरंगायचं. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. ज्याला हे जमलं त्याला हात लावावाच लागत नाही. तांबड्या समुद्रात रास मोहम्मदला १९९० च्या दशकात संशोधकांनी पाहिलं होतं की उतरण्याआधी नीट समजावून सांगितलं आणि प्रवाळाला न लागता कसं राहायचं हे दाखवून दिलं, तर त्याच पर्यटकांचे धक्के पुष्कळ कमी होतात. म्हणजे हे नुकसान अटळ नाही. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, तिचा हौद आहे. महाराष्ट्रातल्या माणसाने अंदमानला जाण्याआधी तिथे शिकून जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि रीफ मागची भिंत आहे म्हणतोस, ते मला मान्य नाही. एकदा दिसलेला क्लाउनफिश नंतर चित्रातला राहत नाही. त्या फुलासारख्या दिसणाऱ्या अ‍ॅनिमोनच्या दंशातून तो वाचतो, तिथेच राहतो, आणि त्या छोट्या कुटुंबात सगळ्यात मोठी असते ती मादी. ती मेली की तिचा नर मादी होतो. पोपटमासा प्रवाळाला दातांनी खरवडताना कर्रकर्र आवाज येतो, आपल्या कानांनी ऐकू येतो. तो दगड दळून वाळू बाहेर टाकतो. उष्ण कटिबंधातल्या पांढऱ्या किनाऱ्यांच्या वाळूत असं दळण पुष्कळ असतं. हे पुस्तकात वाचलं होतं मी. तरी तो आवाज ऐकल्यावर त्या पांढऱ्या वाळूवरून चालताना मला वेगळं वाटलं.

काठावरचा : तुला वेगळं वाटलं, याबद्दल मला शंका नाही. बेटाला काय वाटलं? हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप, हे कुणाचंतरी गाव आहे. तिथलं गोडं पाणी पावसावर आणि झऱ्यांवर. तुमच्या रिसॉर्टमधला शॉवर, धुतलेला वेटसूट, बाटल्या, सांडपाणी, हे सगळं त्या छोट्याशा जमिनीला पेलावं लागतं. आणि जमिनीवरून जे वाहतं ते शेवटी रीफवरच जातं.

पाण्यातली : गाव आहे हे खरं, म्हणून त्याचा इतिहासही बघ. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५० च्या दशकात तिथे वसवलं. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, राधानगर ही त्यांची गावं. जंगल तोडायला हत्ती आणले गेले, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत नेले गेले. राजन नावाचा पोहणारा हत्ती, ज्याचे फोटो जगभर गेले, तो त्यातलाच. २०१६ मध्ये तो हॅवलॉकलाच वारला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंदमानातल्या नैसर्गिक जंगलाची व्यापारी तोड थांबवली. मग त्या माणसांनी जगायचं कशावर? शेती, नारळ-सुपारी, मासेमारी आणि पर्यटन. डाइव्हिंगची जी नामांकित ठिकाणं आहेत, जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल, जॅक्सन्स बार, ती कॅरेन गोताखोरांच्या नावांनी ओळखली जातात. त्यांच्या आज्या-पणज्यांना इंग्रजांनी १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून जंगलकामासाठी आणलं होतं. आज त्यांच्यातला माणूस पाण्याखाली पुढे असतो आणि पुण्या-मुंबईचे, बंगळुरूचे इंजिनिअर त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर थांबतात. झाड तोडून मिळणाऱ्या मजुरीपेक्षा रीफ जिवंत राखून मिळणारी मजुरी मला बरी वाटते.

काठावरचा : बरी आहे, जोवर माणसं मोजकी आहेत तोवर. प्रत्येक धंदा सुरुवातीला हेच म्हणतो. थायलंडची माया बे एका सिनेमाने गाजली, हजारो माणसं रोज येऊ लागली, आणि २०१८ मध्ये प्रवाळ वाचवायला ती बंद करावी लागली. उघडली ती २०२२ मध्ये. मलेशियाने सिपादान बेटावरची रिसॉर्ट्स २००४ मध्ये हलवली आणि रोज किती डाइव्हर उतरतील याचे परवाने ठरवले, आधी १२०, पुढे १७६. पालाऊने प्रवाळाला मारक रसायनं असलेलं सनस्क्रीन २०२० पासून बंद केलं. जिथे सरकारांनी धीर दाखवला, तिथे आधी पर्यटन पाहून मग आकडा ठरला नाही. रीफ पाहून आकडा ठरला. तू म्हणतेस तसं ‘चांगला डाइव्हर’ होणं ही व्यक्तीची गोष्ट आहे. संख्या ही गावाची आणि सरकारची गोष्ट आहे. शंभर चांगले डाइव्हर एकाच खडकावर रोज उतरले, तर?

पाण्यातली : तर तो खडक थकेल. इथे मी तुझ्याबरोबर आहे. हॅवलॉकच्या प्रत्येक ठिकाणासाठी परवान्यांची मर्यादा ठरावी आणि ती आम्हाला नडली तरी चालेल. पुढच्या वर्षी आमचा नंबर लागला नाही, तर आम्ही थांबू.

काठावरचा : मग आता मी खरा मुद्दा मांडतो, आत्तापर्यंतचे सगळे त्याच्या अलीकडचे होते. प्रवाळाला फिनने मारण्याआधी उष्णता मारते. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळाला लागणाऱ्या अन्नापैकी नव्वद टक्क्यांपर्यंत वाटा त्या शैवालाचा असतो. रंगही बहुतांशी त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंश-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लगेच मरत नाही, उपाशी राहतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो, नाहीतर मरतो. अंदमानात २०१० च्या एप्रिल-मे मध्ये तापमान ३१ अंशांच्या वर गेलं आणि रीफ मोठ्या प्रमाणावर पांढरी झाली. २०१६ मध्ये पुन्हा. ही उष्णता कुठून येते ते तुला मी सांगायला नको. पुण्याहून चेन्नई किंवा कोलकाता, तिथून पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्रीविजयपुरम, मग बोटीने हॅवलॉक, आणि तसंच परत. ज्याला पाहायला जाताय, त्याला तापवत जाताय. बॉयन्सीने यावर काय करशील?

पाण्यातली : काहीच नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि सोपं उत्तर कुणी देत असेल, तर ते मी घेणार नाही. झाडं लावली, पैसे भरले, हिशेब मिटला, असं मला म्हणता येत नाही.

पण मला उलट विचारू दे. तू काठावर राहिलास म्हणून पाणी थंड झालं का? तुझ्या घरची वीज कोळशाची, तुझी गाडी पेट्रोलची, तुझं दिल्लीचं विमान कामाचं. तूही तेच पाणी तापवतोस, फक्त न पाहता. न जाण्याने तुझे हात फिनच्या फटक्यापुरते स्वच्छ राहतात. उष्णतेबाबत आपण दोघं एकाच बाजूला आहोत. आणि तिथे न पाहणं हा फार मोठा तोटा आहे, असं मला वाटतं.

महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा सांगितला जातो. सिंधुदुर्गाच्या तटबंदीचा एकेक बुरूज आपल्याला पाठ, पण त्या तटाच्या पायथ्याशी पाण्यात काय आहे हे देशावरच्या माणसाला माहीत नसतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. मच्छीमारांनी विरोध केला, त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. पण बाकीच्या महाराष्ट्रात त्या अभयारण्याच्या बाजूने किंवा विरोधात किती जण बोलले? आपल्याला त्यात काही गमवायचं आहे हेच ठाऊक नव्हतं. विजयदुर्गासमोर शंभराहून अधिक किलोमीटर आत अ‍ॅंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, समुद्रात बुडालेलं पठार; तिथलं प्रवाळ पाहायला शास्त्रज्ञांनाही टाकी पाठीला लावून उतरावंच लागलं. मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेलमधल्या सावरकरांच्या कोठडीपुढे उभं राहायला. तिथे तो गंभीर होतो, आवाज खाली आणतो. मग हॅवलॉकच्या दोन रात्री पॅकेजमध्ये जोडलेल्या असतात आणि तिथे तो मोकळा सुटतो. मला तेच गांभीर्य पाण्यातही हवंय. ते न उतरता कसं येईल?

काठावरचा : पाहिल्याने माया जडते हे मी मानतो. जडलेली माया पुढे काही करते का, हा माझा प्रश्न आहे. इतकी माणसं रीफ पाहून परत येतात. फोटो काढतात, हळहळतात, पुढच्या वर्षी मालदीवला जातात. मायेतून मागणी वाढते, संरक्षण वाढत नाही, असंही होऊ शकतं. म्हणून मला तुझ्याकडून एकच हवंय. तू कोणत्या परिस्थितीत जाणार नाहीस, ते सांग. ज्या प्रेमाला अशी एकही अट नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

पाण्यातली : सांगते. पाणी तापलेलं आहे आणि रीफ पांढरी पडतेय अशी बातमी असेल त्या मोसमात जाणार नाही. उपाशी प्रवाळाला आमचा एक धक्काही जड आहे. माशांना खायला घालणाऱ्या, वस्तू उचलू देणाऱ्या बोटीवर चढणार नाही, पैसे भरलेले असले तरी. ज्याला बॉयन्सी जमत नाही त्याच्याबरोबर रीफवर उतरणार नाही, तो जिवलग असला तरी. वर्षातून तीन छोट्या सहली करण्यापेक्षा काही वर्षांतून एक लांब करेन. आणि खाली जे दिसलं ते नोंदवून अभ्यासकांना देईन: कुठला प्रवाळ पांढरा, कुठला तुटलेला, कुठे जाळं अडकलेलं. पण विमान? ते मी सोडलेलं नाही. सोडेन असंही आज म्हणत नाही. ती अट मला अजून पेललेली नाही.

काठावरचा : मग आपल्यातला वाद आता नेमका कुठे आहे ते दिसतंय. हाताने होणारं नुकसान तू शिक्षणाने आणि मर्यादेने आवरू शकतेस, त्याबद्दल माझा आक्षेप मी मागे घेतो. फक्त तारकर्लीचा हौद आधी, हॅवलॉक नंतर, ही अट तुमच्या सगळ्या ग्रुपने पाळावी. उष्णतेबद्दलचा आक्षेप मी मागे घेत नाही. आणि तू म्हणालीस ते खरं आहे की तो माझ्यावरही येतो. तू जाऊन उत्तरदायी आहेस, मी न जाऊन. कोण जास्त, हे मला आज सांगता येत नाही.

पाण्यातली : मलाही नाही. पण वेळ किती आहे हे माहीत आहे, आणि ते तुला सांगून ठेवते. जगभरातले प्रवाळ एकाच वेळी पांढरे पडण्याची पहिली घटना १९९८ ची, दुसरी २०१० ची, तिसरी २०१४ ते २०१७ ची, आणि चौथी नोआ या अमेरिकी संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केली. भरभर वाढणाऱ्या फांद्यांच्या प्रवाळांनाही पुन्हा उभं राहायला दहा वर्षं तरी लागतात. दोन घटनांमधलं अंतर आता त्याहून कमी आहे.